हारलेल्याची टोपली

तालावर भराभरा बोलायचं, ओळीच्या शेवटी यमक आणून आपटायचं आणि समोरच्याची चारचौघांत फजिती करायची, ही कला जगात कोणी काढली असेल तर ती आमच्या जावईबापूंनी, सौंसरला, संत्र्याच्या पेट्या ठोकता ठोकता. माझी नात याला हिपहॉप म्हणते आणि वर सांगते की आजी, हे सातासमुद्रापलीकडून आलं. आलं असेल. तिकडेही एखादा पेट्या ठोकणारा जावई असेल. पण मी जे ऐकलं ते ऐंशीच्या पुढच्या सालांत, या माझ्या कानांनी ऐकलं, तेव्हा माझं मत काही मी बदलत नाही.

जावईबापू म्हणजे माझ्या नणदेचे यजमान. पांढुर्ण्याचं आमचं घर त्यांची सासुरवाडी, राहणंही तिथेच, म्हणून आम्ही जावईबापू म्हणत होतो ते ठीकच. पण अख्खा मोहल्ला म्हणायचा, पोस्टमन म्हणायचा, म्हातारी माणसं तर म्हणायचीच. माझी नणंद चिडली की तीसुद्धा म्हणायची, "या जावईबापू, जेवून घ्या. साऱ्या गावचेच जावई तुम्ही, मी कोण लागून गेली?" आणि ते ताटावर बसल्या बसल्या वाटीवर बोट वाजवत म्हणायचे, "भाजीत नाही मीठ, बोलण्यात तिखट, माह्या नशिबी बायको बिकट!" मग मीठ वाढायला कोणी उठायचं नाही.

त्यांचं काम पेट्या ठोकायचं. सौंसरच्या बागांतून माल निघाला की भाताचं तणीस घालून संत्री रचायची, वरून फळ्या ठोकायच्या आणि पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या. खिळे तोंडात धरायचे, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात चार, आणि उजव्या कोपऱ्यातून बोलायचं. दोन हलके ठोके आणि एक भारी. टक, टक, ठाक. हा ताल त्यांच्या अंगात असा भिनला होता की खिळे नसले तरी ते तोंडाच्या एकाच बाजूने बोलायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं, बिचाऱ्याची दाढ दुखून राहिली. एकदा सौंसरहून येताना बसमध्ये त्यांना काही सुचलं. खिडकीखालच्या पत्र्यावर ते ठोके देत बसले. आता कंडक्टर पत्रा वाजवून गाडी थांबवतो आणि पत्रा वाजवूनच सोडतो, हे सगळ्या जगाला माहीत आहे. एक ठोका पडला की ड्रायव्हर ब्रेक मारी, दोन पडले की गाडी सोडी. पांढुर्ण्यापर्यंत ती बस यमकायमकाला थांबत आली. शेवटी कंडक्टर हात जोडून म्हणाला, "भाऊ, तुमची कविता सरली असन तर मी माही गाडी चालवू काय?" जावईबापू शांतपणे म्हणाले, "दोन ओळी राह्यल्या. स्टँडवर गेल्यावर करतो."

ते खरे फुलायचे चौदा एप्रिलला. आमच्या मोहल्ल्यात विहारापुढे जयंतीचा मंडप पडायचा आणि संध्याकाळी सवाल-जवाब व्हायचा. एका बाजूला आमचे जावईबापू, पुढ्यात फळी, हातात हातोडी. दुसऱ्या बाजूला नदीपलीकडचे सावरगावचे गुरुजी, प्राथमिक शाळेतले, उन्हाळा असो की हिवाळा, काखेत छत्री. गाणं नाही, चाल नाही. नुसतं बोलणं, ठोक्यावर. जावईबापू सुरू करायचे,

"गुरुजी आले छत्री घेऊन, छत्रीले भोक,
पोराइले देते छड्या, अन् सोता खाते ठोक!"

आणि हातोडी फळीवर. ठाक! समोरची पोरं उभी राहून ओरडायची, "ठोका जावईबापू, ठोका!" गुरुजी छत्री टेकून उठायचे, हजेरी घेतल्यासारखे सगळ्यांकडे पाहायचे आणि हळूच म्हणायचे,

"खिळे याचे ओठात अन् शब्द याचे पोटात,
सासऱ्याच्या घरी जावई, दोन्ही हात ताटात!"

बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि सगळ्यांत जास्त माझी नणंद.

या दोघांनी आपसांत एक नेम ठरवला होता. हारला त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी संत्र्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन जाम नदीचा पूल ओलांडायचा, जिंकणाऱ्याच्या घरी द्यायची आणि तिथेच जेवून यायचं. रस्त्यात लोक विचारणारच, "काहो, यंदा तुमची टोपली काय?" त्याचं उत्तर तोंडाने द्यायचं, मान खाली घालायची नाही. खरं सांगायचं तर जिंकण्याची जावईबापूंना भीतीच वाटायची, कारण गुरुजींची संत्री त्यांच्या अंगणातल्या दोन झाडांची, आणि इतकी आंबट की आमच्या म्हशीनेही एकदा तोंड फिरवलं होतं. "वहिनी," ते मला म्हणायचे, "या माणसाले हरवनं म्हंजे सोताचे दात खट्टे करनं."

अशी सात-आठ वर्षं गेली असतील. माणूस काही फळीवरच्या खिळ्यासारखा एका जागी राहत नाही. त्यांची एकुलती एक लेक मॅट्रिक झाली आणि नर्सिंग शिकायला नागपूरला गेली. बसवर पोचवायला हेच गेले. ट्रंक टपावर चढवली, कुलूप ओढून पाहिलं, गाडी सुटली, आणि मग खिशात हात घातला तर ट्रंकेची किल्ली यांच्याचपाशी! पोरीने होस्टेलवर दगडाने कुलूप फोडलं, तसं पत्रही पाठवलं. तरी यांनी ती किल्ली टाकली नाही. करदोट्याला बांधून ठेवली. नणंद म्हणाली, "आता ते कायले ठेवता? कुलूपच नाही राह्यलं." म्हणाले, "कुलूप तिनं फोडलं. किल्लीनं काय केलं?"

त्या साली जयंतीला ते फळीपुढे बसले. छत्रीचं झालं, टाळ्या झाल्या, आणि मग त्यांनी हातोडी हलकी धरून नवीन सुरू केलं.

"पेटी गेली दिल्लीले, म्या नाही पाह्यली दिल्ली,
लेक गेली नागपूरले, माह्यापाशी राह्यली किल्ली.
खिळा म्या ठोकला, पेटी खोलन भलतंच कोनी,
संत्र त्याइच्या तोंडात अन् माह्या डोयात पानी."

ठाक. मी बायकांत बसले होते, हसण्यासाठी उचललेला पदर डोळ्यांना लावला. आणि तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, "हे काय लावलं, जावईबापू? छत्री म्हना, छत्री!" झालं. सगळा मंडप "छत्री, छत्री" करायला लागला. गुरुजी उठले. माणूस समजदार, त्यांनी ऐकलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण लोक वाट पाहून राहिले होते, आणि जवाब तर द्यायचाच होता. त्यांनी देऊन टाकला,

"किल्ली याच्या कमरेले अन् अक्कल याची गहाण,
लेक झाली मोठी तरी बाप राह्यला लहान!"

मंडप नुसता उसळला. जावईबापू हरले. दुसऱ्या दिवशी टोपली घेऊन गेले, जेवून आले. मी विचारलं, "काय म्हणाले गुरुजी?" तर म्हणाले, "काही नाही. वरण वाढत होते. सारखं वाढत होते."

मला वाटलं होतं, आता हे रुसतील. पण नाही, वर्षभर बिचारे तेच घोळत होते. पेट्या ठोकताना ओळी पुढे जोडत होते, आणि आले की मला म्हणायचे, "वहिनी, औंदा लोक आयकतीन. मागच्या साली तयारी नव्हती त्याइची." स्वतःची नव्हती असं नाही, लोकांची नव्हती! मी हो म्हणायची. छत्रीवर हसणारी पोरं आता मोठी झाली, नोकऱ्यांना लागली, त्यांना लेकरं झाली. त्यांनाही कोणाला तरी बसवर पोचवावं लागेल, मग त्यांना कळेल, असा माझा आपला हिशेब.

पण लोक आमच्या हिशेबाने थोडेच मोठे होतात? पुढच्या जयंतीला मंडळाचा अध्यक्ष घरी आला. हाच पोरगा पहिल्या रांगेत उभा राहून "ठोका, ठोका" ओरडायचा. आता नगरपालिकेत कारकून, डोळ्यांवर काळा चष्मा. चहा पिऊन झाला तरी बशीत पाहत बसला. शेवटी म्हणाला, "जावईबापू, औंदा नागपूरचा ऑर्केस्ट्रा बलावला. पोराइले आता नाचाले पाह्यजे, डिस्को पाह्यजे. पन तुमाले सोडून थोडीच देतो आम्ही? त्याइचे वायर जोडेपर्यंत पाच मिनिटं आहे. छत्रीवालं तेवढं म्हनून द्या."

जावईबापूंनी विचारलं, "अन् गुरुजी?"

"त्याइले आता कोन आयकते, बापा?"

जावईबापूंची बोटं गुडघ्यावर वाजत होती, ती थांबली. "सवाल करन मी," ते म्हणाले, "अन् जवाब कोन देईन? वायर?"

संध्याकाळी ते मंडपात गेलेच नाहीत. रंगीत दिवे लागले, चमकीच्या सदऱ्यातला कोणी माईक तोंडात घालून गायला, पोरं घामाघूम होईपर्यंत नाचली. आम्ही ओसरीवर बसून ऐकत होतो. मी म्हटलं, "काय गोंगाट!" तर म्हणाले, "नाही वहिनी, ढोलकीवाला चांगला आहे. हात साफ आहे त्याचा." एवढंच.

सकाळी पाहते तर हे टोपली भरून राहिले. नणंद म्हणाली, "सवाल नाही झाला, जवाब नाही झाला, मंग टोपली कायची?"

"कोनी जिंकलं नाही ना?" ते म्हणाले. "मंग मी हारलोच असन."

मला राहवलं नाही, मीही सोबत निघाले. पुलाच्या मध्यापर्यंत आलो, तर समोरून काखेत छत्री, डोक्यावर टोपली, असे गुरुजी येऊन राहिले! वर्षभरात माणूस अर्धा झाला होता. दोघं समोरासमोर उभे राहिले, डोक्यावर ओझं, खाली ठेवायला कोणीच तयार नाही.

"तुम्ही कुठे?" गुरुजी म्हणाले.

"तुमच्याकडे. हारलो."

"मागच्या साली हारलो तो मी. टोपली तुम्ही आणली. ती चुकी दुरुस्त करायला निघालो होतो."

मीच पुढे होऊन दोन्ही टोपल्या कठड्यापाशी ठेवायला लावल्या. गुरुजींनी छत्री उघडली आणि तिघांवर धरली. तिला खरंच भोक होतं. उन्हाचा एक ठिपका जावईबापूंच्या खांद्यावर पडला. गुरुजी म्हणाले, "ते किल्लीचं म्हणा. पुढं जोडलं असेल ना?"

"हातोडी नाही आनली."

"कठडा आहे."

मग ते म्हणाले. बोटाच्या पेरांनी कठड्यावर हलके ठोके देत, सगळं म्हणाले, जुन्या चार ओळी आणि वर्षभर जोडलेल्या बारा. त्या बारा मला आता आठवत नाहीत. लिहून घ्यायला हव्या होत्या, पण तेव्हा वाटलं, हे काय, पुढच्या साली पुन्हा ऐकूच. पुढच्या साली गुरुजी नव्हते, आणि त्यानंतर जावईबापूंनी ते कधी म्हटलं नाही. खाली नदीत एक बाई लाकडी थापीने कपडे बडवत होती. तिची थापी केव्हा थांबली ते कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती मान वर करून आमच्याकडे पाहत होती.

ओळी संपल्या. गुरुजींनी छत्री मिटून काखेत घेतली. मग म्हणाले, "याला जवाब नाही, जावईबापू."

जावईबापूंचा हात शेवटच्या भारी ठोक्यासाठी वर गेला होता, तो तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच कमरेवर नेला, किल्लीपाशी. आणि तेवढ्यात खाली त्या बाईने थापी उचलली आणि दगडावर मारली. ठाक.