सिस्टरमावशींचं उबदार घर

दारावरची बेल वाजली की सिस्टरमावशी आधी हीटिंग लावायच्या, मग अंगातला कोट आणि डोक्यावरची लोकरी टोपी जिन्याखालच्या कपाटात कोंबायच्या आणि मगच दार उघडायच्या. आपल्याला बाहेर ताटकळावं लागे. आम्ही समजायचो, वय झालंय, गुडघे कुरकुरत असतील. मग गरम चहा आणि साबुदाणा वडे पोटात गेले की "मावशी राहतात मात्र मजेत" असं म्हणत आम्ही नॉटिंगहॅमची मराठी मंडळी आपापल्या घरी जायचो.

मिरजेला नर्सिंग शिकून त्या तरुणपणी इकडे आल्या आणि इथल्याच हॉस्पिटलातून वॉर्ड सिस्टर म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. कुणी खोचून विचारलंच, तर म्हणायच्या, "अख्ख्या वॉर्डाची उस्तवार केली, आता आणखी एकाची कुठे करत बसू?" वॉर्डातल्या गोष्टी सांगायला लागल्या की हटकून एक वाक्य यायचं. पेशंट जेवायला नाही म्हणाला, की त्या त्याच्यासमोर बसून त्याच जेवणाचा घास घ्यायच्या. "आधी आपण, मग पेशंट. नुसता उपदेश करून कुणी तोंड उघडत नाही, बाई."

एका संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन वाकून नमस्कार केला, तर जाड मोज्यांतूनही त्यांचे पाय बर्फासारखे लागले. "मावशी, किती गार पाय हे!" "नमस्कार करावा, तपासणी करू नये," त्या म्हणाल्या आणि खोकत सुटल्या. पाणी आणायला उठले ते चुकून कपाटच उघडलं. कोट, टोपी, शाल, गरम पाण्याची पिशवी, सगळा संसार माझ्या अंगावर आला. माणसं आली की हीटिंग चालू, गेली की बिल वाचवायला बंद, हे त्या दिवशी कळलं. लावलं तरी काय उपयोग? घर जुनं, छपराखालचा लॉफ्ट उघडाबोडका, सगळी ऊब छपरातून बाहेर. दर थंडीत छाती भरायची. असाच आणखी एक हिवाळा काढलात तर पुढचा हॉस्पिटलात काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. हेही त्यांनी आमच्यापासून लपवलं होतं.

त्यांच्यासारख्या पेन्शनवर राहणाऱ्यांना लॉफ्टमध्ये ऊब अडवणारं इन्सुलेशन घालायला कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, मदत मिळते, पदरचं काही जात नाही, असं मी सांगितलं. मावशींनी मान उडवली. "मी आयुष्यभर दिलंय, घेतलं नाही. कुणा गरजूला द्या म्हणावं." अहो, तुमच्याच पगारातून कापलेला टॅक्स तो, म्हणून मी घसा कोरडा केला. शेवटी कौन्सिलचा सर्व्हेयर नुसतं घर बघून जाईल, एवढ्यावर तडजोड झाली. आलेल्या माणसाला नको कसं म्हणायचं?

त्या दिवशी मुलगी बघायला पाहुणे यावेत तसा थाट होता. मावशी इरकल नेसलेल्या, शिरा आणि वडे तयार, आणि सकाळपासून हीटिंग धडाडून लावलेलं. सर्व्हेयर बिचारा जॅकेट काढून घाम पुसत बसला. "एनी ट्रबल कीपिंग वॉर्म, डक?" त्याने विचारलं. इथले लोक लाडाने सगळ्यांनाच डक म्हणतात.

"नॉट अ बिट, डक. हॅव अनदर वडा."

मी कपाळावर हात मारला. तो लॉफ्टमध्ये डोकावून आला आणि म्हणाला, "नथिंग अप देअर. यू आर हीटिंग द पिजन्स."

"पुण्य लागेल," मावशी मला मराठीत म्हणाल्या.

त्याने हसून कागद आवरले. "सेम अ‍ॅज द लेडी नेक्स्ट डोअर. शी सेड, गिव्ह इट टू समवन हू नीड्स इट."

मावशींनी कप खाली ठेवला. शेजारची डोरीन त्यांच्याहून वयाने मोठी, तीही एकटी. आदल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला, तेव्हा अँब्युलन्स मावशींनीच बोलावली होती. त्या उठल्या, कपाटातून कोट काढून इरकलीवर चढवला, टोपी घातली आणि तडक शेजारच्या दाराशी गेल्या. मागे मी, माझ्यामागे सर्व्हेयर.

डोरीनने दार उघडलं. आत बाहेरच्याइतकाच गारठा होता.

"डोरीन, आय अ‍ॅम कोल्ड," मावशी म्हणाल्या. "आय हॅव बीन कोल्ड फॉर यर्स. आय अ‍ॅम टेकिंग द हेल्प. बट आय अ‍ॅम अशेम्ड टू टेक इट अलोन. टेक इट विथ मी."

डोरीनने त्यांच्या टोपीकडे पाहिलं. मग तिने मावशींचा हात धरला. "सो अ‍ॅम आय, डक. फ्रोझन." आयुष्यात कधी कुणापुढे "मला होत नाही" न म्हणालेल्या मावशी शेजारणीसाठी ते म्हणाल्या. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की सांगता येत नाही.

पुढच्या थंडीच्या आत दोन्ही लॉफ्टमध्ये इन्सुलेशनचे जाड थर पडले. मावशींना पुढे दोन हिवाळे मिळाले, खोकल्याविना. गेल्या शरदात त्या झोपेतच गेल्या. अंत्यसंस्काराला डोरीन आमच्याबरोबर पुढच्या रांगेत बसली होती.

मावशींच्या घरात आता एक तरुण कुटुंब राहतं. या जानेवारीत बर्फ पडला, तेव्हा मी डोरीनला काही हवं-नको विचारायला गेले. ऊब छपरातून निसटते तिथे बर्फ लवकर वितळतो. त्यामुळे गल्लीतली बहुतेक छपरं ठिबकत होती, आणि ही दोन शेजारी शेजारी पांढरीशुभ्र. डोरीन काठी टेकत बाहेर आली, वर बोट दाखवलं.

"लुक, डक," ती अभिमानाने म्हणाली, "अवर्स आर स्टिल व्हाइट."

अवर्स. तिची आणि मावशींची. मला तिथे रस्त्यातच रडू कोसळलं.