एकाला हात लावला की बाकीचे सुटतात

सुमनताईंच्या गायनवर्गाची वेबसाइट मीच बनवली. एक मूल अनेक गाण्यांत, एका गाण्यात अनेक मुलं. हा गुंता सोडवताना माझे निम्मे केस पिकले आणि उरलेले घाबरून गळले. आज ताई संमेलनातल्या गाण्यांसाठी मुलं निवडत होत्या. यादीतून अनेक नावं निवडायला कीबोर्डवरचं कंट्रोलचं बटण दाबून धरावं लागायचं; ते न धरता त्यांनी एका नावावर क्लिक केलं आणि आधी निवडलेली सगळी मुलं गाण्यातून गेली.

"एकाला हात लावला की बाकीचे सुटतात, असं कसं रे बनवलंस?" ताई म्हणाल्या. "आपल्या वर्गातली ईशा गेल्या वर्षीही निवडायची राहिली होती. यंदा राहिली तर ती पोर गाणंच सोडेल."

मी खुर्चीत इतका रुतलो, की काढायला क्रेन लागली असती. माणसांचंही असंच होत असावं. नवं कुणी जोडताना जुन्यांवरचं बोट कधी उचललं जातं, कळतही नाही.

शेवटी मी प्रत्येक नावापुढे टिक करायची चौकट दिली. चहा घेऊन परत येतो तो ताईंनी प्रत्येक गाण्यात सगळ्याच मुलांना टिक केलेलं.

"ताई, स्टेज पुरणार नाही."

"पुरेल रे. जरा सरकून उभी राहतील."