आईनं आधी बाहेर बसायचं

दवाखान्यात सिस्टरला सगळे फौजदार म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे. तिचा नियमच तसा होता. तेरा-चौदाचं पोर तपासायला आलं की आईबापांनी आधी बाहेर बसायचं. ओळखी सांगा, रडा, भांडा, उपयोग शून्य!

हे शहाणपण तिला फुकट मिळालं नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी एका मुलीला तिनं वडिलांच्या देखतच विचारलं होतं, मरावंसं वाटतं का? मुलीनं आधी वडिलांकडे पाहिलं, मग म्हणाली, नाही. सिस्टरनं कागदावर तशी खूण केली आणि पुढचा पेशंट घेतला. चौथ्या दिवशी तीच मुलगी स्ट्रेचरवरून आली. वाचली, नशीब बलवत्तर. पण ती खूण सिस्टरला अजून खुपते.

आज आलेल्या मुलीचं डोकं दोन महिने दुखत होतं. विचारावं मुलीला, उत्तर आईकडून.

"झोप लागते का गं?"

"लागते हो, चांगली ढाराढूर!"

मुलगी खाली मान घालून बाहीची शिवण उसवत होती.

"ताई, तुम्ही जरा बाहेर बसा."

"माझ्यापासून काय लपवायचंय? आई आहे मी तिची!"

"म्हणूनच म्हणते."

आई धुसफुसत बाहेर गेली. सिस्टरनं खुर्ची जवळ ओढली. आडवळणानं विचारणं तिनं कधीच सोडलं होतं.

"जीव द्यावा असं मनात येतं का?"

मुलीची बोटं थांबली. "रोज येतं. आईला सांगू नका ना. तिला वाटेल, तिचंच चुकलं."

"सांगावं तर लागेल, बाळा. हे मी पोटात ठेवणार नाही. पण कसं सांगायचं ते तू ठरव, मी शेजारी बसते."

मग कधीपासून, कसं, हे बाकीचंही तिनं विचारून घेतलं आणि आईला आत बोलावलं. मुलीनं अडखळत सगळं सांगितलं. आईचा आवाज चढला.

"काय गं कमी केलं आम्ही?"

"ते नंतर बघू," सिस्टर म्हणाली. "घरातल्या सगळ्या गोळ्या आजच कुलपात ठेवा आणि हिला एकटं सोडू नका. चला, आत्ताच डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "रात्री झोप लागते?"

आईनं सवयीनं तोंड उघडलं. दारातून सिस्टर डोळे वटारणार, तेवढ्यात आईनं तोंड मिटलं आणि लेकीचा हात धरला.

"तूच सांग," आई म्हणाली.