गुड्डीचं जनुक आणि आमच्या जाऊबाई

बसमध्ये, लग्नात, कुठंही कुणी "पोरगी अशी काहून?" विचारलं, की माझ्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना ताई म्हणायचे, आधी त्या माणसाला बसवून घ्यायच्या. "टाइम आहे का? मंग पुरतं आयकून जा." आणि वरठीच्या बसमध्ये जनुकाचा तास सुरू व्हायचा.

गुड्डी त्यांची एकुलती लेक. अंगानं बारकी, भुवया जुळलेल्या, शाळेच्या वयात जेमतेम आई-बाबा म्हणणारी. कुणी ग्रहणाला बोल लावायचं, बहुतेक जण ताईंनाच. मग नागपूरच्या डॉक्टरांनी तिघांचं रक्त तपासलं. हिस्टोन डीअ‍ॅसिटायलेज बनवणारं गुड्डीचं एक जनुक बिघडलं होतं. ताई ते नाव न अडखळता घ्यायच्या. "हिस्टोन म्हंजे रीळ. त्याच्यावर डीएनएचा धागा गुंडाळला रायते. हे जनुक तो धागा घट्ट करते, मंग तिथले बाकीचे जनुक चुप बसतेत. माह्या पोरीत कोनी कोनाले चुपच बसवत नाही. सभेत सारेच बोलले तं काम होईन का?"

मला सातवा महिना होता. ओटीभरणाच्या दिवशी सासूबाईंनी ताईंना मुद्दाम वडे तळायला बसवलं. का, ते साऱ्या बायांना ठाऊक होतं. मलाही पोटातल्या बाळाची धास्ती होतीच, खोटं कशाला सांगू.

ताई हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी नारळ उचलला. सासूबाई, आम्ही सुना त्यांना मामी म्हणायचो, पुटपुटल्या, "तू राहू दे वं."

"मामी, माह्या हातात नारळ आहे, जनुक नाही. ते गुड्डीतच नव्यानं बदललं. माह्यात नाही, तिच्या बापात नाही. मंग हिच्या पोटात कुठून येईन?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुले भेव वाटत असन तं सांग. मी नाही भरत. राग नाही माह्या मनात."

भीती होती. पण ती ताईंच्या हाताची नव्हती, एवढं मला कळलं. मी पदर पसरला. गुड्डीनंही मूठभर तांदूळ घातले, निम्मे जमिनीवर.

माझा मुलगा ठणठणीत झाला. पुढं नणंदेच्या ओटीभरणाला सासूबाईंनीच फर्मान काढलं, "पयली ओटी मोठी सूनच भरन. हिचा हात मोठा गुनाचा आहे."

"मामी, हाताचा काही गुन नसते, ते जनुक..."

मी त्यांना कोपरानं ढोसलं. "राहू द्या ना, ताई."

ताईंनी सासूबाईंच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि मुकाट्यानं नारळ उचलला. चुकीची समजूत त्यांनी तशीच राहू दिली, ती तेवढी एकदाच.