मुंजाजीच्या पायासाठी स्पिंडल

नागप्पासारखा हट्टी माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्या शेजारी दुकान थाटून अकरा वर्षं मी त्याच्या मशिनीचा खडखडाट सोसला. परभणीत जिंतूर रोडला माझं मोटार वायंडिंगचं दुकान, भिंतीला भिंत लावून त्याचं लेथचं. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि तोंडात कायमचं एकच, "चालतंय म्हणजे बरोबर हाय असं न्हाई." गिऱ्हाइकं वैतागायची, मीही वैतागायचो. पण त्याच्या कामात खोट निघाल्याचं कधी ऐकलं नाही. एकदाच निघाली.

शहाऐंशी साली पेडगावच्या मुंजाजीचं मळणीयंत्र त्याच्याकडं आलं. दोघं एका शाळेत शिकलेले. ज्वारी खळ्यावर येऊन पडली होती आणि मुंजाजी घायकुतीला आला होता. नागप्पानं नवा शाफ्ट बसवला, पण त्यावरचा एक बोल्ट बोटभर बाहेर राहिला. त्याच्यावर पत्र्याचं झाकण करायचं होतं. "मळणी तर होऊ दे, झाकण मागून कर," असं मुंजाजी म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा नागप्पा "बरं" म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्या बोल्टात मुंजाजीचं धोतर गुंतलं. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

दवाखान्यात मी नागप्पाबरोबर गेलो. मुंजाजी रडला नाही. "यंदा जाऊ दे, पण पुढच्या पेरणीला तिफणीमागं उभं राहायचंय मला," एवढंच म्हणाला. नागप्पा दारातूनच म्हणाला, "पाय मी करतो. लाकडाचा, तुझ्या मापाचा." जखम भरल्यावर उरलेल्या पायाचा प्लास्टरचा साचा लागणार होता. तोसुद्धा त्यानं कंपाउंडरकडून काढून घेतला आणि स्वतः व्हरांड्यात उभा राहिला. मी त्याला आत ढकललं असतं तर बरं झालं असतं.

लाकडी पायाच्या वरच्या टोकाला वीतभर खोल खोबण लागते. माणसाचा पाय तिच्यात बसतो, म्हणून ती आतून सरळसोट चालत नाही. हाडाला जागा द्यावी लागते, मांसाला आधार. सुतारानं पटाशीनं कोरली असती. पण नागप्पाला ते पटेना. जुन्या ड्रिलच्या सांगाड्यावर त्यानं घरचीच मिलिंग मशीन उभी केली. एका बाजूला प्लास्टरचा साचा, दुसऱ्या बाजूला पांगाऱ्याचं लाकूड. साच्यात काठी फिरेल तसा लाकडात कटर फिरायचा.

अडलं ते स्पिंडलपाशी. कटर धरून फिरणारा तो दांडा जाड केला की त्याच्याभोवतीचं नळीसारखं कवच खोबणीच्या तोंडालाच अडायचं. बारीक आणि लांब केला की टोक थरथरायचं आणि लाकडावर लाटा उठायच्या. पहिला स्पिंडल त्यानं ट्रकच्या जुन्या अॅक्सलमधून कातला. त्याची बेअरिंगं वर होती, म्हणून टोक लटपटत राहिलं. दुसऱ्यात बेअरिंगं खाली आणली, तर कवच इतकं तापलं की हात लावता येईना. तिसऱ्यात टोकापाशी दोन पातळ बेअरिंगं एकमेकांना चिकटवून बसवली, आणि मोटारीच्या पट्ट्याची ओढ दांड्यावर येऊ नये म्हणून पुलीला वेगळंच बेअरिंग दिलं. एवढं करूनही टोकाची थरथर मोजणाऱ्या डायलचा काटा दोन घरं हलला की तो सगळं पुन्हा खोलायचा.

"अरे, पाय करायलास का घड्याळ?" मी विचारायचो.

"लाकूड टोचलं तर त्याला टोचंल, तुला न्हाई," तो म्हणायचा.

मुंजाजीची बायको धुरपताबाई बाजाराच्या दिवशी यायची. दिवाळीनंतर तिनं भीत भीत विचारलं, "भावजी, नांदेडला पाय बसवायचं शिबिर हाय म्हणतेत. जावं का?"

"तिथं घाईघाईत बसवतेत, वैनी. माझं होतच आलंय."

ते गेले नाहीत. मी ऐकत होतो, आणि गप्प बसलो.

संक्रांतीच्या सुमारास ती पुन्हा आली. "त्यांचा पाय वाळायलाय, भावजी. बांधलेली पट्टी गळून पडायलीय. एकदा येऊन बघून जा की."

"साचा हाय की माझ्यापाशी," नागप्पानं फळीवरच्या प्लास्टरकडं बोट केलं. मला तेव्हाच उमगायला हवं होतं. पण मी डायलवर वाकलो होतो, कारण त्या दिवशी काटा पहिल्यांदाच हलला नव्हता.

वैशाख सरता सरता खोबण कोरून झाली, खाली लाकडाचं पाऊल बसलं, बांधायचे पट्टे लागले. आत हात फिरवला तर कुठं खरखर नाही, कुठं लाट नाही. खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. आम्ही एसटीनं पेडगावला गेलो. मुंजाजी बाजेवर बसला होता, तिफण दुरुस्त होऊन भिंतीला टेकली होती.

त्यानं पाय खोबणीत घातला. चारी बाजूंनी दोन-दोन बोटं जागा उरली. वर्षापूर्वीचा, साचा काढला तेव्हाचा सुजलेला पाय आता वाळून मनगटाएवढा झाला होता, आणि खोबण त्या जुन्या पायाची होती, काटेकोर. धुरपताबाईनं लुगड्याचा तुकडा फाडून कोंबला. मुंजाजी उभा राहिला, दोन पावलं टाकली, तिसऱ्याला लाकूड आतल्या आत फिरलं आणि तो तिच्या अंगावर कोसळला.

नागप्पा खालमानेनं म्हणाला, "मुंजाजी, मला बघवत न्हवतं रे. म्हणून आलो न्हाई."

मुंजाजी पट्टे सोडत होता. "मला काय रोज बघवतंय व्हय?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही, शिवीही दिली नाही.

त्या वर्षी मुंजाजीच्या रानात तिफण धुरपताबाईनं धरली. तो बांधावर बसून तिला तास सरळ धरायला सांगत होता.