नदीनचा डावा ब्रेक

वेंडलने गाडी मागे घेतली आणि टच्च असा आवाज झाला.

आवाज काही मोठा नव्हता. दाराच्या फटीत अक्रोड फोडावा, तेवढाच. पण छत्तीस वर्षं कॅलिफोर्नियातल्या फेअरफॅक्सच्या गल्ल्यांतून टपालाची गाडी हाकलेल्या माणसाला कुठला आवाज कशाचा, हे बरोबर कळतं. पत्र्याचे डबे, कुंड्या, पोरांची खेळणी, एकदा तर नगरपालिकेच्या सभासदाचा चष्मा, अशा सगळ्यांवरून त्याचं चाक कधी ना कधी गेलेलं होतं. हा आवाज त्यातला नव्हता. हा कुठल्यातरी पुन्हा न मिळणाऱ्या वस्तूचा आवाज होता.

"वेंडल," शेजारीण नदीन शांतपणे म्हणाली, "तुझ्या मागच्या चाकाखाली काय आहे, बघ जरा."

"काय आहे?"

"माझा डावा ब्रेक."

वेंडल दार उघडून उतरायला लागला.

"उतरू नकोस! आधी गाडी पुढे घे. थांब, आत्ता नको. मी सांगते तेव्हा. नाहीतर उजवाही जायचा."

तो बिचारा तिला प्लमच्या दोन पेट्या द्यायला आला होता. झाड त्याचं, प्लम त्याचे, पेट्या उचलून आणल्या असत्या तरी मधे फक्त एक कुंपण होतं. पण गुडघे दुखतात म्हणून चाळीस पावलांसाठी त्याने गाडी काढली. आणि नेमकं त्या सोमवारी सकाळी नदीनने आपल्या सायकलचे सगळे भाग गॅरेजसमोर जुन्या चादरीवर उन्हात मांडून ठेवले होते, लग्नाच्या रुखवतासारखे.

गाडी पुढे गेल्यावर नदीनने चादरीवरून ती ब्रेकची मूठ उचलली. मधोमध दोन तुकडे. तिने ते जुळवून पाहिले, पुन्हा वेगळे केले, आणि एका मोज्यात घालून मोजा खिशात ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर वेंडलला बरं वाटलं असतं.

नदीन एकाहत्तर वर्षांची. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. आजही गावातले चाळिशीचे बाप्ये तिला बघून आपोआप रांगेत उभे राहतात. पण त्याआधी, १९७८ साली, ती टॅम डोंगराच्या कच्च्या रस्त्यावरून सायकली सोडणाऱ्या टोळक्यातली एकुलती एक बाई होती. जीनची पँट, लाकूडतोड्याचे बूट, डोक्यावर काही नाही. तेव्हा डोंगरी सायकल नावाची वस्तू दुकानात मिळत नव्हती. ज्याला हवी त्याने भंगारातून जमवायची. साध्या सायकलचे ब्रेक त्या उतारावर टिकत नसत, म्हणून ही मंडळी मोडक्या जर्मन मोटरसायकलींच्या लांबलचक मुठी काढून आणत. चार बोटं मावतील अशा. वेंडलच्या चाकाखाली गेली ती असली मूठ.

सायकलची फ्रेम बनवली होती ओटिसने. त्याने आपल्या कोंबड्यांच्या खुराड्यात बसून आयुष्यात एकूण नऊ फ्रेमा जोडल्या. नदीनने पैसे दिले नव्हते, बदल्यात ओटिसच्या बायकोला गाडी चालवायला शिकवली होती. सौदा आपल्याला महाग पडला असं दोघंही अजून सांगतात. पुढे नदीनच्या भाच्याने ती सायकल नेली, कुणाला तरी दिली, त्याने आणखी कुणाला. सहा वर्षांपूर्वी ती एका गोठ्यात सापडली. नुसती फ्रेम, तीही जांभळ्या रंगाची. बाकी आठांचा पत्ताच नाही. फक्त ब्रेकच्या दोन मुठी नदीनकडे होत्या, कारण सायकल देताना तिने त्या काढून घेतल्या होत्या. "सायकल दिली, ब्रेक कशाला देऊ?" असा तिचा सरळ हिशेब.

सहा वर्षं ती एकेक भाग जमवत होती. पेडलं एका गॅरेजमधून, सीट एका घटस्फोटातून, गियरचा खटका एका मेलेल्या माणसाच्या पडवीतून. सगळं १९७८ चं किंवा त्याआधीचं. कारण दर सप्टेंबरात म्हाताऱ्या सायकलींचा मेळा भरतो, आणि वर डोंगरावर निघण्याआधी तपासणी होते. सायकलपेक्षा वयाने लहान असा एक स्क्रू जरी सापडला, तरी त्यावर गुलाबी रिबीन बांधतात. डोंगर उतरायला मनाई नाही. पण गुलाबी रिबीन फडकवत खाली आलेल्या माणसाला त्या मंडळींत वर्षभर कुणी सरळ उत्तर देत नाही.

या वर्षीचा मेळा शनिवारी होता. आणि चौऱ्याऐंशी वर्षांचा ओटिस रविवारी सकाळच्या विमानाने मुलीकडे मिनेसोटाला जाणार होता, कायमचा. आपली उरलेली एकमेव सायकल डोंगरावरून उतरताना त्याला एकदा बघायची होती. रिबिनीशिवाय.

"मी आणून देतो," वेंडल म्हणाला.

"काय?"

"मूठ. तशीच्या तशी."

नदीनने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं ती बसच्या आरशातून मागच्या बाकाकडे बघायची.

मूठ एक झाली, पण कामं आणखी होती. चाकं तर अजून नुसती रिकामी कडी होती. एका चाकाला छत्तीस स्पोक, एक वरून, एक खालून, मोजून ओवायचे, मग फिरवून फिरवून आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायचा. गेल्या पंधरवड्यात नदीनने पुढचं चाक तीनदा भरलं आणि तीनदा सोडलं. वेंडल तेव्हा तिथेच होता. बायको गेल्यापासून तो रोज सकाळी नदीनच्या गॅरेजमध्ये यायचा, बादली उपडी घालून तिच्यावर बसायचा आणि मदत करायचा. मदत म्हणजे चौदाचा पान्हा मागितला की तेराचा द्यायचा, आणि १९९१ सालच्या पुरात त्याने टपाल कसं वाचवलं ते सांगायचं.

मंगळवारी दुपारी तो ऐटीत आला. हातात मूठ. जुनाट, मळकी, कडेला काळवंडलेली.

"बघ! सान रफाएलला एकाकडे मिळाली. सत्तर सालची असेल."

नदीनने मूठ हातात घेतली, उलटी केली आणि नाकाशी नेली.

"कॉफी," ती म्हणाली.

"कुठली कॉफी?"

"कालची. साखर घातलेली."

वेंडलचे कान लाल झाले. दुकानातून नवी कोरी मूठ आणून त्याने ती दोन तास कॉफीत उकळली होती. वर सँडपेपर मारला होता, आणि शेवटी अंगणातल्या मातीत पुरून तिच्यावर पाणीही घातलं होतं. इतकी मेहनत त्याने लग्नाच्या वाढदिवसालासुद्धा घेतली नव्हती.

"पातेलं घासून ठेव," नदीन म्हणाली. मग तिने एका कागदावर तीन पत्ते लिहिले. "हे तिघे जुने भाग जमवतात. फोन करू नकोस, फोनवर सगळे नाही म्हणतात. स्वतः जा. आणि पैसे काढू नकोस, शिवी दिल्यासारखं होतं. बदल्यात काय देतोस ते सांगायचं."

"मी काय देणार?"

"प्लमचा जॅम कर. तुझ्याकडे पेट्या आहेतच."

बुधवारी वेंडल जॅमच्या बाटल्या घेऊन पेटालुमाला गेला. तिथला अंडीवाला फार भला माणूस. त्याने मूठ दाखवली, पण उजवी. डावी नाही. जॅम मात्र त्याने दोन बाटल्या ठेवून घेतला, बघितल्याबद्दल. संध्याकाळी परत येताना वेंडलला नदीनच्या गॅरेजात पुढचं चाक टांगलेलं दिसलं, पूर्ण भरलेलं. "अरे वा, झालं की," एवढंच तो म्हणाला. त्याच्या डोक्यात मूठ होती.

गुरुवारी सांता क्रूझ. दोन तास जायला, दोन तास यायला. तिथल्या निवृत्त दातांच्या डॉक्टरने त्याला चाळीस जुन्या सीट दाखवल्या, एकेकीवर बसायला लावलं, आणि शेवटी सांगितलं की मुठी त्याने कधी जमवल्याच नाहीत.

"मग आधी का नाही बोललात?"

"तुम्ही इतक्या लांबून आलात. लगेच कसं सांगणार?"

शुक्रवारी चिको. तीन तास. शेवटचा पत्ता पर्ल नावाच्या बाईचा. दारातच तिने विचारलं, "नदीनने पाठवलं ना? तुम्हीच का ते, गाडी घालणारे?"

"बातमी इथवर पोचली?"

"सोमवारीच. टपालापेक्षा लवकर."

पर्लकडे भिंतीभर मुठी होत्या, पण सगळ्या फ्रेंच. वेंडल मटकन खुर्चीत बसला. उद्या मेळा, परवा ओटिसचं विमान. मूठ कशी हवी ते तरी नीट सांगावं म्हणून त्याने फोन काढला. तुटलेल्या मुठीचा फोटो शोधताना त्याच्या कुत्रीचे, प्लमच्या झाडाचे, परत कुत्रीचे असे फोटो सरकत गेले.

"थांबा," पर्ल म्हणाली. "मागे घ्या. हे काय?"

"ही? आमची बिस्किट. तेव्हा लहान होती."

"कुत्री नव्हे हो. तिच्या मागे."

मागे वेंडलचं गवत कापायचं यंत्र उभं होतं. १९८० सालचं. पर्लने दोन बोटांनी फोटो मोठा केला, चष्मा चढवला, आणि मग ती इतकी हसली की आतून तिचा नवरा काय झालं ते बघायला आला. यंत्राच्या दांड्यावर, डाव्या हाताला, चार बोटं मावतील अशी लांबलचक जर्मन मूठ होती.

"रोज हातात धरता ना?"

"दर शनिवारी," वेंडल क्षीण आवाजात म्हणाला.

"आणि पट्टीखाली रबरी ट्यूबचा तुकडा कातरून घातलाय बघा, मूठ सरकू नये म्हणून. दोन्ही टोकं तिरकी. अशी तिरकी टोकं कॅलिफोर्नियात एकच बाई कापते."

तेव्हा वेंडलला आठवलं. दांड्यावरचा मूळ खटका तुटला होता, दुकानदार नवं यंत्र घ्या म्हणत होता, आणि शेजारची बसवाली कुंपणावरून आली होती, हातात जुन्या सुट्या भागांचा पत्र्याचा डबा घेऊन. वीस मिनिटांत तिने मूठ बसवून दिली होती. चाळीस वर्षं तो ती दाबून गवत कापत होता. आणि नदीन चाळीस वर्षं कुंपणापलीकडून ती बघत होती.

परतीचे तीन तास तो स्वतःशी बोलत होता. तिला माहीत होतं. मग मला चिकोपर्यंत कशाला पळवलं? विचारायचंच, आज विचारायचंच. पण घरी पोचून त्याने यंत्रावरची मूठ काढली, गॅरेजमध्ये नेऊन नदीनपुढे धरली, तेव्हा तिने ती नुसती फडक्याने पुसली, आणि त्याचा प्रश्न तसाच राहिला. दोन्ही चाकं बसलेली होती, आऊट काढलेली, तबल्याच्या वादीसारखी ताणलेली. सायकल उभी होती. फक्त डाव्या हाताची जागा रिकामी.

"दहाचा पान्हा दे," नदीन म्हणाली. वेंडलने नऊचा दिला.

शनिवारी सकाळी डोंगरमाथ्यावर पर्ल गुलाबी रिबिनींचा गुंडाळा घेऊन आली होती. तपासणीचं काम तिचंच. तिने चहाच्या चमच्याने नदीनच्या सायकलचा एकेक भाग वाजवून पाहिला. डाव्या मुठीपाशी थांबली, नखाने खाचेतून काहीतरी हिरवं काढलं.

"गवत," तिने जाहीर केलं. "पण गवतही जुनंच दिसतंय. जाऊ द्या हिला."

वेंडल खाली होता, ओटिसच्या घडीच्या खुर्चीशेजारी. ओटिसच्या मांडीवर शाल, बाजूला मुलगी, तिच्या हातात औषधांची पिशवी. पिवळ्या गवतातून कच्चा रस्ता वळसे घेत खाली येत होता. आधी धूळ दिसली. मग खडखडाट आला. मग शेवटच्या वळणावर, जिथे १९७८ साली तिने गळ्याचं हाड मोडून घेतलं होतं, नदीन दिसली. पाठ आडवी, कोपर बाहेर, पांढरे केस धुळीने तपकिरी. दोन्ही मुठी तिने चार-चार बोटांनी दाबल्या आणि सायकल बरोबर खुर्चीपुढे हातभर अंतरावर थांबली. ब्रेकमधून धूर येत होता, आणि जळक्या ग्रीसचा वास.

ओटिसने वाकून वास घेतला, डोळे मिटून, अगदी सावकाश.

"जोड नीट बसलाय की," तो म्हणाला. "मला वाटलं होतं, सुटेल."

"सत्तेचाळीस वर्षांपूर्वी सांगायचंस," नदीन म्हणाली.

"तेव्हा तू विकत घ्यायची होतीस."

मग तो हसला, मुलीने त्याचे डोळे पुसले, आणि त्याने हँडल हातात घेऊन सायकल पुढे-मागे, पुढे-मागे केली. ती परत द्यायला त्याने बराच वेळ लावला. कुणी घाई केली नाही.

सगळे सँडविचं खायला पांगल्यावर वेंडलने नदीनला गाठलं. ती एका दगडावर बसून बूट झाडत होती.

"एक विचारू? मूठ माझ्या यंत्रावर आहे, हे तुला सोमवारीच माहीत होतं."

"हो."

"मग पेटालुमा, सांता क्रूझ, चिको... माझे तीन दिवस, माझं पेट्रोल, माझा जॅम! तेव्हाच का नाही सांगितलंस?"

नदीनने दुसरा बूट उपडा केला, त्यातला खडा पडू दिला, आणि म्हणाली,

"तू घरी असतास, तर चाकं झाली नसती."