एका चुलीला दोन घागरी

जगात माणसं फार झाली म्हणून पाणी पुरत नाही, असं कुणी शहाण्यासारखं बोलू लागलं की माझं डोकं सणकतं. हे मी लहानपणीच ऐकलंय, तेही घशाला कोरड पडलेली असताना.

निजामाचं राज्य होतं. लोहाऱ्याजवळचं आमचं गाव. त्या उन्हाळ्यात गावविहिरीचा तळ दिसला आणि पंचांनी फर्मान काढलं: एका चुलीला दोन घागरी. म्हातारा-म्हातारीच्या घराला दोन आणि आम्हा नऊ भावंडांच्या घरालाही दोनच! आई भांडायला गेली. तिथं पानमळ्याचे मालक बसले होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, लेकरं पैदा करताना पंचांना इचारलं व्हतं का? खाणारी तोंडं वाढली, म्हणून हीर आटली."

लोक खो खो हसले. घरी माझा धाकटा भाऊ तापानं फणफणत होता आणि त्याच्या कपाळावर ठेवायचं फडकं भिजवायलाही पाणी नव्हतं. त्या हसणाऱ्यांची मला अजून चीड येते.

मालकांची विहीर गावविहिरीला लागूनच, वरच्या अंगाला. तिच्यावर दिवसभर मोट चालायची. मळ्यातली पानं हैदराबादेला जायची. ती मोट बंद असली की आमच्या विहिरीत पाणी चढतं, हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं तापलेल्या पोराला खांद्यावर टाकलं, आम्हा सगळ्यांना पुढं घातलं आणि मोटेच्या धावेवर, बैलांच्या येण्याजाण्याच्या उतारावरच, फतकल मारून बसली. बैल थबकले, मोट थांबली. वडील धापा टाकत आले. "अगं, वाळीत टाकतील आपल्याला!" आई जागची हलली नाही.

दुपारी बायका गावविहिरीत डोकावल्या. पाणी चढलं होतं. पंचांना न विचारताच त्यांनी घागरी सोडल्या. त्यातली एक भरलेली घागर शेजारणीनं आमच्यापाशी आणून ठेवली. आईनं आधी फडकं भिजवलं.

तेवढ्यात मालक तणतणत आले. "किती दिस बसशील इथं?"

आई म्हणाली, "माझी लेकरं लई हायत, मालक. पाळीपाळीनं बसवीन."